पाणीवाल्याचं पोस्टर

गजानन देवतळे यांना अख्ख्या टाउनशिपमध्ये तीस वर्षांत कुणी साधं पाणी विचारलं नाही.

चहा विचारला. ताक विचारलं, उन्हाळ्यात पन्हं विचारलं, एका घरात तर उंबरा ओलांडल्याबरोबर हातात बासुंदीची वाटी आली. पण आपण होऊन पाण्याचा पेला म्हणून कुणी पुढे केला नाही. देवतळ्यांनी याचा अर्थ आपल्या स्वभावाप्रमाणे सरळ लावला होता. ते बायकोला सांगत, "पाणी काय, कुणालाही देतात. आपल्याला नुसत्या पाण्यावर बोळवायचं लोकांच्या जिवावर येतं." मंगलाताई मान खाली घालून मेथी निवडत.

देवतळे मूळचे वर्ध्याचे. सहासष्ट साली भोपाळच्या सरकारी कारखान्यात कारकून म्हणून चिकटले आणि नव्याण्णव साली हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन सुटले. मधली सगळी वर्षं कामगार कल्याण विभागात गेली. चौदा हजार कामगारांचं कल्याण त्या विभागातली अकरा माणसं करत, आणि त्या अकरांतली चार-पाच कायम स्वतःच्या कल्याणासाठी रजेवर असत. त्यामुळे साबणाच्या वड्या वाटण्यापासून मराठी मंडळाच्या गणपतीसाठी कारखान्यातून ताडपत्री मिळवण्यापर्यंत सगळं देवतळ्यांच्या गळ्यात. त्यांची तक्रार नव्हती. माणसांत वावरायला मिळालं की हा गृहस्थ खूष. गणपतीतल्या नाटकात नोकराचं काम त्यांचं ठरलेलं. नाटककाराने दोन वाक्यं दिलेली असली तर हे अकरा बोलून येत आणि नायक तोपर्यंत विंगेत ताटकळत उभा.

या हसऱ्या तोंडामुळेच त्यांच्याकडे आणखी एक काम आलं. कारखाना म्हटला की कुणाचं बोट सापडायचं, कुणाच्या पायावर काही पडायचं. क्वार्टरांत तेव्हा फोन नव्हते. घरी कळवायला माणूस धाडावा लागे. एकदोनदा जीप पाठवून पाहिली, तर गल्लीत जीप वळलेली बघूनच बाईने अंगणात बसकण मारली. नवऱ्याच्या अंगठ्याला फक्त तीन टाके पडले होते. मग साहेबांनी देवतळ्यांना बोलावलं. "देवतळेजी, आप जाया कीजिए. आप हँसमुख आदमी हैं."

देवतळ्यांनी हे काम मनावर घेतलं. त्याची पद्धत बसवली. पहिली गोष्ट, सायकल त्या घरापाशी कधी लावायची नाही. एक घर अलीकडे, शेजारच्या फाटकाला लावायची. म्हणजे बाई एकदम दचकत नाही. मग सावकाश चालत जायचं, जाळीच्या दारावर टकटक करायची आणि म्हणायचं, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?" बाई आत जाते, पेला विसळते, माठातून पाणी काढते, तेवढ्या वेळात तिचं मन थोडं तयार होतं. पाणी प्यायल्यावर एखादा विनोद. आणि मग, "काही विशेष नाही हो, आपले साहेब जरा दवाखान्यात आहेत. बोटाला पट्टी बांधलीय. आता आठ दिवस कणीक तुम्हालाच मळावी लागणार!" बाई हसायची, डोळे पुसायची, आणि देवतळे पुढच्या कामाला.

तीस वर्षांत असे शेकडो पेले झाले. चार वेळा मात्र नुसती पट्टी नव्हती. त्या चार दिवशी देवतळ्यांनी पद्धत तीच ठेवली, फक्त विनोद गाळला. त्या चार घरांबद्दल ते कधी बोलत नसत. पण एकूणात आपण लोकांच्या वाईट वेळेला मऊ हात लावला, हे समाधान त्यांना म्हातारपणी उशीसारखं उपयोगी पडत होतं.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते बाग सेवनियाला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले. मुलगी अलका लग्न करून जबलपूरला. तिची मुलगी लीला डिझाइनच्या कॉलेजसाठी आजोबांकडे राहायला आली, तेव्हा देवतळे सत्त्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचे विनोद साधारण तेवढ्याच वयाचे. लीला हे नाव तिच्या दुसऱ्या आजीचं. शाळेत ती त्या नावापायी रडायची. आता म्हणे तीच फॅशन फिरून आली होती. तिच्या रूपाने देवतळ्यांना हसवायला नवं गिऱ्हाईक मिळालं आणि देवतळ्यांना 'आबा' म्हणायला माणूस मिळालं. मंगलाताईंना थोडी विश्रांती मिळाली.

एके दिवशी लीला कॉलेजातून आली ती कपाळाला हात लावूनच.

"आबा, प्रोजेक्ट मिळालाय. हॉरर मूव्हीचं पोस्टर."

"कुठला सिनेमा?"

"सिनेमा नाहीचै. आपणच सोचायचा. फक्त पोस्टर बनवायचं."

"वा! म्हणजे लग्न नाही, नुसती पत्रिका." देवतळे खुर्चीत सावरून बसले. "लिही. पांढरी साडी, हातात मेणबत्ती, केस मोकळे, पाय उलटे. मागे वटवाघळं."

"सब बॅन आहे. खोपडी नाही, ब्लड नाही, पांढरी साडी नाही. सर बोलले, जे तुम्ही टीव्हीवर बघितलंय ते नको. डर आपल्या मोहल्ल्यातून आणा. दहा बुजुर्गांना विचारा, त्यांना कशाची भीती वाटायची."

"आम्हाला तुझ्या आजीची वाटायची," देवतळे म्हणाले, आणि भुताचं म्हणून जे हसले ते खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकेपर्यंत.

"झालं?" आतून मंगलाताई. "आता गोळी घ्या खोकल्याची."

पुढचे पंधरा दिवस लीला वही आणि फोन घेऊन हिंडली. इंद्रपुरीत टाउनशिपमधली बरीच जुनी माणसं निवृत्तीनंतर घरं बांधून राहिली होती. तिथे ती दुपारच्या दुपार बसायची. आबांना काही सांगायची नाही. "सरप्राइज आहे," म्हणायची. देवतळ्यांना वाटलं, मुंजा निघेल, हडळ निघेल, फार तर तलावातला मगरमच्छ. रोज संध्याकाळी ते एकेक अंदाज सांगत आणि ती मान हलवत असे.

मग एका रविवारी सकाळी तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडून ठेवला. "सरांना लई आवडलं. परवा प्रिंट द्यायचंय. बघा."

पोस्टरवर दुपार होती. पिवळी, ओकीबोकी दुपार. रात्र नव्हतीच कुठे. टाउनशिपमधली क्वार्टरांची रांग, सगळी घरं सारखी, मेंदीची कुंपणं सारखी. मधल्या घराच्या जाळीच्या दारात एक बाई उभी, तोंडावर हात. तिच्या फाटकाला टेकवलेली एक सायकल. माणूस कुठेच नाही. आणि अगदी पुढे, अर्धं पोस्टर व्यापून, पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. खाली हिंदीत नाव: पानीवाला.

"आहे ना खतरनाक?" लीला उत्साहाने सांगत होती. "सात जणींनी सेम गोष्ट सांगितली, आबा! एक माणूस होता. सायकलवर यायचा. नेहमी हसत. येऊन पाणी मागायचा. आणि ज्या घरी त्याने पाणी मागितलं, त्या घरातल्या माणसाचं काहीतरी झालेलं असायचं. हाथ गया, पाँव गया, नाही तर माणूसच गेला. बायकांनी इतका धसका घेतला होता की तो नुसता गल्लीतून गेला तरी त्या पदराला गाठ मारायच्या. कुणी त्याचं नाव घेत नाही. मी विचारलं तर एक आजी मला बोलली, नको गं बाई, घरात लेकरं आहेत. सगळ्या 'पाणीवाला'च म्हणतात. अर्बन लेजंड असतं तसं. खरंच कुणी असेल का हो, आबा? तुम्ही तर तिथेच होता."

देवतळे चष्मा पुसत राहिले. स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"असेल," शेवटी म्हणाले. "टाउनशिप मोठी होती."

लीला आंघोळीला गेली तसे ते स्वयंपाकघरात आले. मंगलाताई तांदूळ धूत होत्या.

"तुला ठाऊक होतं?"

काय, हे मंगलाताईंनी विचारलं नाही. हात तांदळातच ठेवून म्हणाल्या, "बासुंदीच्या वाटीच्या आधीपासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, आज अमकीला हसवून आलो. एवढं तोंड फुललेलं असायचं. आणि कुणाला तरी जावंच लागत होतं." पाणी ओतून त्यांनी दुसरं घेतलं. "खरं सांगू? मला बरंच होतं. बाकीच्या बायका दुपारभर रस्त्याकडे कान लावून बसायच्या. सगळ्या टाउनशिपमध्ये मी एकटी निर्धास्त झोपायची. निरोप आणणारा माझ्याच घरचा. माझ्याकडे कोण येणार होतं?"

देवतळे तिथेच स्टुलावर बसले. ते चार पेले त्यांना आठवत होते. त्यांतला शेवटचा शशिकला उमाळेंच्या घरचा, अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमधला. विजय उमाळे क्रेनखाली गेला होता. वहिनी पाणी घेऊन आल्या, देवतळे ते प्यायले, आणि मग सांगितलं. मुलगा जयंत सहा वर्षांचा, ओट्यावर भोवरा फिरवत बसला होता. त्यानंतर तेरा दिवस देवतळे रोज त्या घरी गेले होते, कागदपत्रं केली होती, पुढे गणेशोत्सवात जयंतला खांद्यावर घेऊन गणपती दाखवला होता. त्या बाईने तरी आपल्याला असं म्हणू नये, असं त्यांना फार वाटलं. बाकीच्या जणींचं सोडा. ती एक 'नाही' म्हणाली, तरी बाकी आयुष्य जागेवर राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर, "जरा जाऊन येतो," म्हणून ते रिक्षाने इंद्रपुरीला निघाले. शशिकलाबाईंचं घर त्यांना माहीत होतं. गल्लीत वळल्यावर त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीवर हात ठेवला. "बस भैया, यहीं रोक दो." रिक्षा थांबली ती एक घर अलीकडे. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. सावकाश चालत गेले. जाळीच्या दारावर टकटक केली.

शशिकलाबाई आल्या. केस पिकलेले, अंगात घरचा गाउन, हातात टीव्हीचा रिमोट. जाळीतून त्यांनी पाहिलं. दुपारचे अडीच. दारात देवतळे.

रिमोट खाली पडला. त्यांनी जाळी दोन्ही मुठींनी धरली. "जयंत?"

जयंत मंडीदीपच्या एका कारखान्यात कामाला होता, दुसऱ्या पाळीला. देवतळ्यांच्या डोक्यात ते आलं, पण फार उशिरा.

"नाही, नाही! वहिनी, नाही! जयंत ठीक आहे! मला माहीत नाही त्याचं काही, म्हणजे ठीकच असेल. मी असाच आलोय. सहज. भेटायला."

"सहज?"

"सहज."

त्या दारातच खाली बसल्या. जाळीच्या अलीकडे देवतळे, पलीकडे त्या. मग त्यांनी रिमोट उचलला आणि जाळीवर हाणला.

"मेल्या माणसा! फोन करता येत नाही तुम्हाला? ही काय वेळ आहे यायची? ऐंशीला टेकलात, अक्कल कधी यायची? माझा जीव गेला असता आत्ता!" शिव्या देता देता त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता त्यांनी खिटी काढली. "या. आता आलाच आहात तर आत मरा."

देवतळ्यांच्या घशाला कोरड पडली होती, इतकी की जीभ टाळ्याला चिकटली. पण या घरात पाणी कसं मागायचं हे त्यांना सुचेना. ते कोचावर अंग चोरून बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "एक मुलगी येऊन गेली ना तुमच्याकडे? वही घेऊन?"

"पोस्टरवाली? आली होती." त्यांनी पदर नव्हता म्हणून टॉवेलने नाक पुसलं आणि एकदम थांबल्या. "तुमची नात का ती? अगं बाई. नाक बघूनच समजायला पाहिजे होतं मला."

"तुम्ही तिला माझंच सांगितलंत?"

"मग कुणाचं सांगू?"

"मी वाईट करायला येत नव्हतो हो. तुम्हाला एकदम धक्का बसू नये म्हणून पाणी मागायचो. सायकलसुद्धा शेजारी लावायचो, मुद्दाम."

शशिकलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. राग गेला होता; राग असता तर बरा, असा तो चेहरा होता.

"ती सायकलच तर, भाऊजी. पाण्याचं काही नाही. पाणी कुणीही मागतं." त्या हळू बोलत होत्या. "त्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. तुमची सायकल दिसली, तिवारींच्या फाटकाला. छातीत धस्स झालं. आणि मग म्हटलं, देवा, तुझे उपकार. तिवारणीकडे आहे. आपल्याकडे नाही." टॉवेलची त्यांनी घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "हसले मी, भाऊजी. एकटीच, दोरीपाशी. सुटले म्हणून हसले. आणि तुम्ही माझ्या दाराशी आलात. तेव्हा हे आधीच गेलेले होते, आणि मी हसत होते. पुढे वर्षानुवर्षं तिवारीण माझ्यासाठी भाजी आणायची, जयंतला शाळेत सोडायची, आणि माझी तिच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नव्हती. हे मी त्या पोरीला सांगितलं नाही. ती लहान आहे."

देवतळे आले होते एक 'नाही' ऐकायला. आता माफी मागावीशी वाटत होती. पण ती नेमकी कशाची मागायची, याचा मेळ बसेना.

"चहा टाकते," शशिकलाबाई उठल्या. दारापाशी जरा थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत. "चहाच टाकते."

चहा त्यांनी घेतला. बिस्किटही खाल्लं. निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा याल तेव्हा आधी फोन करा. आणि सकाळी या. सकाळी जयंत घरी असतो." त्यांनी मान डोलावली. रिक्षा मिळेपर्यंत ते बरंच चालले.

घरी आले तेव्हा लीला पोस्टरवर शेवटचा हात फिरवत होती. त्यांनी खुर्ची ओढून तिच्याशेजारी घेतली.

"सायकल चुकीच्या जागी आहे."

"कशी?"

"एक घर अलीकडे घे. शेजारच्या फाटकाला."

"पण मग समजणार कसं की तो हिच्याकडे आलाय?"

"समजायचंच नाही."

लीलाने त्यांच्याकडे तिरकं पाहिलं, पण सायकल सरकवली. चित्र एकदम वेगळं दिसू लागलं. ती जरा पुढे वाकली. "हे भारी आहे, आबा. हे लईच भारी आहे."

"आता त्या बाईचा हात तोंडावरून काढ. हसू दे तिला."

"हॉरर आहे ना!"

"हसू दे. मोठं नको. कपडे वाळत घालताना उगाच येतं तसं. शेजाऱ्याकडे गेला, आपल्याकडे नाही, असं सुटल्यासारखं."

लीलाचं बोट थांबलं. स्वयंपाकघरात मंगलाताईंचं भांडंही थांबलं होतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"उमाळे वहिनींनी. आज दुपारी."

"आणि सायकलचं?"

"सायकल मीच लावायचो."

पोरगी हुशार होती. तिने 'काय?' विचारलं नाही, 'खरंच?' विचारलं नाही. तिच्या डोळ्यांत हळूहळू सगळं भरत गेलेलं त्यांना दिसलं: सात जणी, पदराच्या गाठी, घरात लेकरं आहेत म्हणून न घेतलेलं नाव. इतकी वर्षं ज्या चेहऱ्याला हसवायचं म्हणून ते धडपडले, तसलाच एक चेहरा समोर होता, आणि त्यावर टाकायला त्यांच्याजवळ एकही विनोद नव्हता.

"मी दुसरं बनवते, आबा," ती म्हणाली. "उद्यापर्यंत होतं. मुंजाचं करते."

"मुंजाला कोण घाबरतं आता?" देवतळे म्हणाले. "हेच दे. नीट करून दे."

तिने पोस्टर पुन्हा मोठं केलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "हिरवी होती का सायकल? एक आजी हिरवी बोलली, एक काळी."

"काळी. मागचं मडगार्ड हिरवं. बदललं होतं."

तिने मडगार्ड हिरवं केलं. मग बाईच्या चेहऱ्यावर काम करायला लागली. दोनदा जास्त झालं, एकदा अगदीच कमी. तिसऱ्या वेळेला जमलं. देवतळ्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

दुपारपासूनची कोरड घशात तशीच होती. त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "मंगला."

"काय हो?"

"काही नाही."

ते उठले. स्वयंपाकघरात जाऊन फडताळातून पेला घेतला, विसळला, माठातून पाणी काढलं आणि तिथेच ओट्यापाशी उभ्याने प्यायले.